वही बंद झाली का? खान्देशातल्या संस्थांच्या डिजिटल बदलावर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

‘जळगाव जिल्ह्यातील लघुउद्योगांच्या डिजिटल परिवर्तनाचा चिकित्सक अभ्यास.’ वाणिज्य किंवा व्यवस्थापन शाखेत पीएचडीला बसणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात पहिला विषय असाच येतो. कुणी जळगावच्या जागी धुळे घालतं, कुणी लघुउद्योगांच्या जागी पतसंस्था, कुणी ‘चिकित्सक’ काढून ‘विश्लेषणात्मक’ लिहितं. वाक्य तेच राहतं, आणि ते वाचून नेमकं काय शोधायचंय याचा पत्ता लागत नाही. मग शंभर-दीडशे पानं ‘डिजिटल इंडिया’च्या माहितीने भरतात आणि शेवटी निष्कर्ष निघतो की प्रशिक्षणाची गरज आहे. हे सांगायला तीन वर्षं कशाला हवीत?

सुरुवात करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: संगणक कुठे आला ते शोधत बसू नका. संगणक आल्यावरही वही कुठे चालू राहिली, ते शोधा. ज्या संस्थेत एकाच व्यवहाराची नोंद दोनदा होते, एकदा पडद्यावर आणि एकदा कागदावर, तिथे काहीतरी अडलेलं असतं. अधिकार अडलेला असतो, विश्वास अडलेला असतो किंवा कुणाची तरी रोजीरोटी. संशोधनाला लागणारा प्रश्न तिथे आयता मिळतो.

पहिली पायरी: जागा गाठा

खान्देशात अशा जागांना तोटा नाही. देशातलं पहिलं आधार ओळखपत्र २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं ते नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, शहादा तालुक्यात. दिल्ली-मुंबईच्या कार्यालयांत ज्या गोष्टींवर चर्चासत्रं होतात त्या इथे गावच्या ओट्यावर उतरून दहा-पंधरा वर्षं झाली आहेत. म्हणजे सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर काय उरतं, ते आपल्याकडे पाहता येतं.

बाजार समितीपासून सुरू करू. १४ एप्रिल २०१६ ला ई-नाम, म्हणजे शेतमालाची देशव्यापी ऑनलाइन बाजारपेठ, सुरू झालं तेव्हा कल्पना अशी होती की आवक, प्रतवारी, बोली आणि पैसे, सगळं एकाच प्रणालीत व्हावं. पण कितीतरी समित्यांत आजही बोली ओट्यावर, तोंडी होते. आकडे नंतर संगणकात चढतात. हे आकडे चढवणारा माणूस कोण, तो ते कधी चढवतो, चढवताना काय गाळतो, आणि अडत्याच्या हिशोबपट्टीवरचा भाव व पडद्यावरचा भाव एकच असतो का, एवढ्यावर एक प्रबंध उभा राहील. दोंडाईचा-नंदुरबारकडची मिरची घ्या, नाहीतर जळगावची डाळ-कडधान्यं. रावेर-यावल पट्ट्यात तर केळीचा जाहीर झालेला भाव आणि बांधावर मिळालेला भाव यांतलं अंतर हा रोजच्या बोलण्यातला विषय आहे. भाव आता सकाळी व्हॉट्सॲपवर येतो. त्याने सौदा करताना शेतकऱ्याचा हात वर आला की नुसतं दुःख लवकर कळू लागलं, हे कुणीतरी नीट तपासायला हवं.

गावातली विकास सोसायटी, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणारी प्राथमिक कृषी पतसंस्था, ही माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात चांगली जागा. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. राबवण्याची जबाबदारी नाबार्डकडे आली. त्याआधी रोजकीर्द, खतावणी, क. म. पत्रक (सभासदांच्या कर्जमर्यादेचं पत्रक), सगळं गटसचिवाच्या हातात आणि बरंचसं त्याच्या डोक्यात. एकाच गटसचिवाकडे अनेकदा दोन-तीन सोसायट्या असतात. आता तो माहिती प्रणालीत भरतो. जुनं रजिस्टर ठेवायचं की नाही हे कोण ठरवतं? लेखापरीक्षक काय मागतो? कर्जदार सभासद थकबाकी विचारायला आला तर गटसचिव कशात पाहून सांगतो? ही शेवटची गोष्ट समोर बसून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

जळगावच्या सराफ बाजाराचं नाव देशभर. तिथे १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय, म्हणजे दागिन्यावर कोरलेल्या सहा अंक-अक्षरांच्या ओळख क्रमांकाशिवाय, हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. ज्या पेढीवर गिऱ्हाईक तीन पिढ्यांच्या ओळखीवर विश्वास ठेवून येतं, तिथे आता प्रत्येक दागिन्याला स्वतःचा क्रमांक आहे. गिऱ्हाईक तो क्रमांक मोबाइलवर तपासतं, की शेठच्या तोंडाकडे बघतं?

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे वाहतूकदारांची कमतरता नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा होण्याआधी ड्रायव्हर निघताना रोख उचल घ्यायचा आणि परतल्यावर टोलच्या पावत्या दाखवून हिशोब द्यायचा. आता टोल कापला गेल्याचा संदेश मालकाच्या मोबाइलवर येतो, तेव्हा गाडी अजून त्याच नाक्याच्या पुढे जेमतेम गेलेली असते. ई-वे बिलं आहेत, जीपीएस आहे. ड्रायव्हर आणि मालक यांच्यातलं नातं त्यामुळे कसं बदललं, याचा अभ्यास म्हणजेच संस्थेच्या डिजिटल बदलाचा अभ्यास. त्यासाठी काचेची इमारत लागत नाही.

सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावकडे जायची तयारी असेल तर अंगणवाड्या आहेत. मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदींचं ‘पोषण ट्रॅकर’ ॲप मार्च २०२१ मध्ये आलं. त्याच वर्षी राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट दर्जाचे मोबाइल शासनाला परत करण्याचं आंदोलन केलं होतं. जिथे नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते तिथे वजन-उंचीची नोंद आधी कुठे होते, हे वेगळं सांगायला नको.

यांतली एकच जागा निवडा. ‘खान्देशातील निवडक संस्था’ असं म्हणून पाचही धरायचा मोह होईल. तो आवरा.

दुसरी पायरी: बदल कोणत्या थरातला आहे ते ठरवा

कागद स्कॅन करून ठेवणं हा एक थर. कामाची पद्धत बदलणं हा दुसरा: चार टेबलांवरून फिरणारी फाइल आता दोनच टेबलांवरून फिरते. संस्था ज्यावर पैसा कमावते, ज्याच्याशी ज्या अटींवर व्यवहार करते आणि आत ज्याच्या शब्दाला वजन आहे, ते सगळं माहितीच्या जोरावर बदलणं हा तिसरा. अभ्यासक डिजिटल परिवर्तन म्हणतात ते या तिसऱ्याला. आपल्याकडच्या बहुतेक संस्था पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये कुठेतरी आहेत. तसं लिहायला लाजू नका. ‘टॅली’ घेतली म्हणजे परिवर्तन झालं असं लिहिलं तर मौखिकीत बाहेरचा परीक्षक तिथेच पकडेल.

इथे अमळनेरचं उदाहरण हमखास दिलं जातं, म्हणून दोन शब्द. विप्रोची सुरुवात २९ डिसेंबर १९४५ ला अमळनेरमध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने, वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली. पुढे कंपनी संगणकाच्या व्यवसायात गेली. आपल्याला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण कंपनीने संगणकाचा धंदा सुरू करणं म्हणजे धंद्याचा विस्तार. वनस्पती तुपाच्या कारखान्यातलं काम डिजिटल झालं का, हा प्रश्न निराळा. प्रस्तावनेत अमळनेर घालणार असाल तर हा भेद करूनच घाला.

तिसरी पायरी: वाचन, आणि ‘टॅम’पासून सावध राहणं

वाचनासाठी पैसे लागतात हा समज आता निम्माच खरा आहे. सरकारी विद्यापीठं आणि महाविद्यालयांना ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून १ जानेवारी २०२५ पासून १३,००० च्या आसपास नियतकालिकं खुली झाली आहेत. आपल्या संस्थेचा प्रवेश आहे का ते ग्रंथपालांना विचारा. आधी झालेले भारतीय प्रबंध ‘शोधगंगा’वर मोफत आहेत. आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे प्रबंध तिथे चाळलेत तर एकाच विषयावर एकाच साच्यात किती काम झालंय ते दिसेल. तो साचा टाळायला ही चाळणी फार उपयोगी पडते.

पहिला लेख ग्रेगरी वियाल यांचा, २०१९ चा. त्यांनी डिजिटल परिवर्तनावरच्या २८२ लेखांचा धांडोळा घेतला आहे. त्यातून या विषयाचा नकाशा मिळतो: अडथळे कुठून येतात, संस्था प्रतिसाद कसा देते, आतली रचना कशी बदलते, विरोध कुठे होतो. व्याख्येसाठी शोधाशोध करण्यापेक्षा तिथून सुरुवात करा.

त्यानंतर जुन्याकडे वळा. शोशाना झुबॉफ यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या कागद-लगद्याच्या गिरण्यांवर लिहिलं. लगदा हाताने चाचपून, वासाने ओळखून काम करणारे कामगार नियंत्रण कक्षात पडद्यासमोर बसवले गेले, तेव्हा त्यांच्या अंगात मुरलेल्या ज्ञानाचं काय झालं, हा त्यांचा विषय. वाचताना आपली कापसाची जिनिंग आठवेल. कापूस मुठीत दाबून ओलावा सांगणारा माणूस आणि ओलावा मोजणारं यंत्र, दोघंही एकाच ढिगाजवळ उभे असतात. भारतीय कापूस निगमची खरेदी ८ ते १२ टक्के ओलाव्याच्या हिशोबाने चालते, आणि २०२५ च्या हंगामापासून शेतकऱ्याला नोंदणी व वेळ ठरवणं ॲपवर करावं लागलं. मुठीचं ज्ञान या साखळीत आता कुठे बसतं? वांडा ऑर्लिकोव्स्की यांचा १९९६ चा लेखही वाचा. बदल हा वरून आखलेला प्रकल्प नसतो, लोक रोज काम करता करता जुळवून घेतात, त्यातूनच संस्था बदलते, हे त्यांनी एका कंपनीचा जवळून अभ्यास करून दाखवलं. वहीच्या मागे लागणाऱ्याला हा लेख सोबतीला हवा.

आता ‘टॅम’. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेलं तंत्रज्ञान-स्वीकाराचं हे प्रारूप: एखादी प्रणाली उपयोगी वाटते का आणि सोपी वाटते का, यावर ती वापरण्याचा इरादा ठरतो. २००३ मध्ये वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी त्याचा मोठा अवतार काढला, ‘युटॉट’. आपल्याकडे दिसेल त्या विषयाला हे प्रारूप लावतात, कारण प्रश्नावली तयार मिळते. ‘मला ही प्रणाली उपयुक्त वाटते: पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत.’ मार्गदर्शकांनाही ते सोयीचं पडतं.

अडचण अशी की इरादा मोजायला आधी निवड असावी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या धंद्याला ई-इन्व्हॉइस काढावंच लागतं. फास्टॅग लावावाच लागतो. अंगणवाडी सेविकेला ट्रॅकर भरावाच लागतो. अशा ठिकाणी ‘वापरण्याचा इरादा’ विचारणं म्हणजे पाऊस पडल्यावर भिजायचा विचार आहे का, असं विचारण्यासारखं. उत्तर येईल, आकडे येतील, पण सांगणार काहीच नाहीत. ‘युटॉट’मध्ये वापर ऐच्छिक आहे की नाही हा घटक मुद्दाम धरला आहे, तरी आपल्या प्रबंधांत तो सहज गळतो. सक्तीच्या प्रणालीत विचारायचा प्रश्न वेगळा असतो: वापर झाल्यासारखं दाखवायला लोक काय करतात? दिवसभराच्या नोंदी रात्री एकदम कोण भरतं? दुसऱ्याच्या लॉगिनमधून काम कोण करतं? सातपुड्यातल्यासारख्या परिस्थितीसाठी रिचर्ड हीक्स यांची मांडणी अधिक कामाची आहे. प्रणाली आखणाऱ्याने गृहीत धरलेली परिस्थिती आणि प्रत्यक्षातली परिस्थिती यांतलं अंतर जितकं मोठं, तितकी प्रणाली फसण्याची शक्यता जास्त, असं ते म्हणतात.

चौथी पायरी: विषयाचा प्रश्न करा

ही पायरी छोटी आहे, पण महिने खाते. कसोटी साधी: तुमचं वाक्य प्रश्नचिन्हाने संपतं का, आणि त्याचं उत्तर तुम्हाला आत्ताच माहीत आहे का? माहीत असेल तर प्रश्न बदला.

‘सोसायट्यांच्या संगणकीकरणाचे फायदे-तोटे’ हा प्रश्न नाही. ‘नवी प्रणाली आल्यावर गटसचिव आणि संचालक मंडळ यांच्यात माहितीवरचा ताबा कसा बदलला?’ हा प्रश्न आहे. ‘वाहतूक व्यवसायातील तंत्रज्ञानाचा वापर’ असं न म्हणता ‘टोल आणि डिझेलचा खर्च मालकाला लगेच दिसू लागल्यावर ड्रायव्हरला फेरीसाठी मिळणाऱ्या उचलीचे नियम कसे बदलले?’ असं विचारा. दुसरा प्रश्न अरुंद वाटेल. अरुंदच हवा.

पाचवी पायरी: पद्धत, आणि ३८४ चं काय करायचं

कसं आणि का, हे विचारायचं असेल तर प्रकरण-अभ्यास (केस स्टडी). किती आणि कितपत, हे विचारायचं असेल तर सर्वेक्षण. रॉबर्ट यिन यांनी प्रकरण-अभ्यासाची बाजू याच मुद्द्यावर मांडली आहे. ‘एका संस्थेवरून काय सिद्ध होणार?’ असं संशोधन समितीत कुणीतरी विचारणारच. तेव्हा कॅथलीन आयझेनहार्ट यांचा १९८९ चा लेख हाताशी ठेवा. चार ते दहा प्रकरणं साधारणपणे पुरतात असं त्या म्हणतात. चार विकास सोसायट्या: दोन तापीकाठच्या बागायती गावांतल्या, दोन कोरडवाहू गावांतल्या. त्यात तुलनाही होते आणि प्रत्येक ठिकाणी नीट बसताही येतं.

सर्वेक्षण करणार असाल तर ३८४ या आकड्याशी गाठ पडेल. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यात लाखाच्या आसपासच्या लोकसंख्येसाठी नमुना ३८४ येतो, आणि आपल्याकडे तो मंत्रासारखा म्हटला जातो. तो तक्ता यादृच्छिक निवडीसाठी आहे: पूर्ण यादी हातात आहे आणि प्रत्येकाला निवडलं जाण्याची समान संधी आहे, तेव्हाच त्याला अर्थ. गुगल फॉर्म ओळखीच्या व्हॉट्सॲप गटांत टाकून ३८४ उत्तरं गोळा केली तर तो तुमच्या ओळखींचा अभ्यास होतो. बाजार समितीकडे परवानाधारक अडत्यांची यादी असते, सोसायटीकडे सभासदांची. यादी मिळवा, त्यातून चिठ्ठ्या काढा, मग साठच माणसं झाली तरी चालतील. मर्यादा स्पष्ट लिहा.

सहावी पायरी: आत शिरणं

महाविद्यालयाच्या लेटरहेडवर पत्र घ्या, मार्गदर्शकांची सही घ्या, त्यात अभ्यास कशाचा आहे ते चार ओळींत मराठीत लिहा. पण पत्राने फक्त दार उघडतं. शेठ ‘बसा, चहा घ्या’ म्हणतील आणि सगळं उत्तम चाललंय असं सांगतील. खरं काम दिवाणजींकडे, मापाड्याकडे, संगणकावर बसलेल्या पोराकडे असतं. त्यांच्याशी बोलायची परवानगी शेठकडून सर्वांसमोर घ्या. नाहीतर त्या माणसाची अडचण होते.

पंचांग सांभाळा. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधीचे दोन-तीन दिवस जीएसटीची विवरणपत्रं भरणाऱ्याकडे जाऊ नका. मार्चमध्ये सोसायटीत पाय ठेवू नका, वसुली चालू असते. दिवाळीनंतर जिनिंगवर सगळे धावपळीत असतात. पण नुसतं पाहायचं असेल तर हाच काळ, कारण गर्दीत लोक पडदा सोडून वहीकडे वळतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात सराफाकडे मुलाखत मागणाऱ्याला हुसकावलं तर तक्रार करू नये. आणि मे महिन्यात भुसावळकडे फिरणार असाल तर सकाळी दहापर्यंत उरकून घ्या. हे प्रबंधात लिहायचं नसतं, पण तब्येतीसाठी लागतं.

सातवी पायरी: विचारू नका, दाखवायला सांगा

‘प्रणालीमुळे कामात सुधारणा झाली का?’ असं विचारलं की ‘हो’ येतं. तुम्ही शासनाकडून आलात असं वाटलं तर ‘हो साहेब’ येतं. त्याऐवजी म्हणा, ‘आबा, काल आलेल्या मालाची नोंद कशी केली ते मला दाखवता का?’ मग ते खिशातली चिठ्ठी काढतील, तिच्यावरून डायरीत उतरवलेलं दाखवतील, डायरीवरून संगणकात चढवलेलं दाखवतील. तीन नोंदी. तिन्हींत आकडा एकच आहे का, फरक असेल तर कुठे पडला, कुणी पाडला, याबद्दल न टोचता बोलायला लागा. प्रबंधाचं सगळ्यात मोलाचं प्रकरण बहुधा इथेच सापडतं. एका व्यवहाराचा असा पाठलाग पहिल्यापासून शेवटपर्यंत करा आणि त्याचा नकाशा कागदावर काढा. मोठमोठ्या मुलाखतींपेक्षा हा नकाशा जास्त बोलतो.

भाषा महत्त्वाची. ‘काय चालू शे, भाऊ?’ अशी अहिराणीत सुरुवात केली की धुळे-अमळनेरकडे माणूस मोकळा होतो. यावल-रावेरकडे लेवा बोली आहे, शहाद्याकडे गुजर, डोंगरात भिली आणि पावरी. येत नसलेली बोली येत असल्याचा आव आणू नका, गावातलाच कुणी सोबत घ्या. मुलाखत उतरवताना बोलीतली वाक्यं बोलीतच ठेवा. प्रमाण मराठीत आणली की त्यांतली चीड आणि थट्टा दोन्ही निघून जातात, आणि संस्थेत बदलाला होणारा विरोध बहुतेक वेळा थट्टेतूनच बाहेर पडतो. आधी ध्वनिमुद्रणाला परवानगी मागा. नाही म्हटलं तर लिहून घ्या आणि त्याच संध्याकाळी पूर्ण करा.

या कामात एक नाजूक गोष्ट आहे. दोन वह्या पाहणाऱ्याला कधी ना कधी कच्ची चिठ्ठी आणि पक्कं बिल यांतला फरक दिसतो. तुम्ही कर खात्याचे नाही. संमतीपत्रात काय नोंदवणार आणि काय नाही हे आधीच लिहा, लिखाणात संस्थेला ‘सोसायटी क’, ‘पेढी दोन’ अशी नावं द्या, आणि तालुका सांगितल्याने संस्था ओळखू येत असेल तर तालुकाही गाळा. रावेरसारख्या ठिकाणी ‘एक मोठा केळी व्यापारी’ एवढं म्हटलं तरी लोक बोट दाखवतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनासाठी काही सूट आहे, पण ती माहिती एखाद्या व्यक्तीबद्दल निर्णय घेण्यासाठी वापरली जाणार नसेल तरच, आणि ठरलेली मानकं पाळून. सभासदांच्या याद्या, मोबाइल क्रमांक, आधारची छायाचित्रं तुमच्या फोनमध्ये पडून राहता कामा नयेत. व्हॉट्सॲप गटातले संदेश वापरायचे तर लिहिणाऱ्याला विचारा. गटप्रमुखाने हो म्हणणं पुरेसं नाही.

सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांतली परिपत्रकं, खरेदीचे आदेश, प्रशिक्षणाच्या तारखा माहिती अधिकारात मागता येतात. अर्ज नेमका लिहा. ‘संगणकीकरणाबाबत सर्व माहिती’ असं मागितलं तर काहीच मिळत नाही.

आठवी पायरी: विश्लेषण आणि लिखाण

मुलाखती उतरवून झाल्या की आशयाचे धागे काढायचे. ब्रॉन आणि क्लार्क यांची २००६ मधली सहा टप्प्यांची पद्धत नवख्याला जमण्यासारखी आहे. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. तक्त्यात एका रकान्यात वाक्य, दुसऱ्यात सांकेतिक नाव, तिसऱ्यात तुमची टीप, एवढ्यावर भागतं. संदर्भांसाठी झोटेरो मोफत आहे, आकडेमोडीसाठी जास्प आणि आर. पायरेटेड एसपीएसएस वापरणं थांबवा, परीक्षक विचारतात.

मराठीत प्रबंध लिहिणार असाल तर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टंकलेखन करा. डीटीपीवाल्याकडच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं काम साम्य तपासणाऱ्या प्रणालीला वाचता येत नाही, आणि नंतर रूपांतर करताना जोडाक्षरांचे हाल होतात. २०१८ च्या यूजीसी नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे पायऱ्या चढत जातात. २०२२ च्या नियमांत पीएचडीसाठी किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम आणि दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण आहे. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही अट त्यांत राहिलेली नाही. तेव्हा ‘पैसे भरा, आठवड्यात छापतो’ असे संदेश आले तर पुढे न पाठवता पुसून टाका. विद्यापीठाचे स्वतःचे नियम मात्र वेगळे बघून घ्या.

शेवटचं काम

ज्यांनी वेळ दिला त्यांना दोन पानांचं टिपण मराठीत द्या: तुमच्याकडे नोंद कुठे दुबार होते, त्यात वेळ कुठे जातो, कोणत्या रजिस्टरची खरोखर गरज आहे आणि कोणतं केवळ भीतीपोटी चालू आहे. प्रबंधाची प्रत देऊ नका, कुणी वाचत नाही. आत ज्याने जे सांगितलं ते त्याच्या वरिष्ठाला कळेल असं एकही वाक्य त्यात ठेवू नका. देण्याआधी दिवाणजींना किंवा गटसचिवांना वाचून दाखवा. ते एखादी ओळ काढा म्हणाले तर काढा. बाजार समितीत टिपण द्यायला दुपारी तीननंतर जा, सकाळी लिलाव असतो.